रस्ता की अंगण? : नेदरलंड्समधील ‘वोनएर्फ’ची घडण (१९६३–१९९०)

सन १९७६ च्या सप्टेंबरमध्ये नेदरलंड्सच्या वाहतूक-नियमावलीत काही नवी कलमे दाखल झाली. त्यांनी ‘वोनएर्फ’ या नावाचा रस्त्याचा एक स्वतंत्र वर्ग कायद्याने निर्माण केला. या वर्गात मोडणाऱ्या रस्त्याच्या संपूर्ण रुंदीवर पादचाऱ्यास वावरण्याची मुभा मिळाली. मुलांनी रस्त्यातच खेळणे कायदेशीर ठरले. आणि वाहनचालकाने माणसाच्या चालीपेक्षा अधिक वेगाने जाऊ नये असे बंधन आले. मोटारीच्या आगमनानंतर अर्धशतकाहून अधिक काळ पाश्चात्त्य देशांतील वाहतूकविषयक कायद्याची सर्वसाधारण दिशा याच्या नेमकी उलट होती. रस्त्याचा मधला भाग वाहनांचा, कडेची पट्टी पादचाऱ्यांची, आणि ही सीमा ओलांडणाऱ्याने स्वतःचा जीव स्वतः सांभाळावा, हे त्या कायद्याचे सार होते. ते एका लहानशा देशाने, अंशतः का होईना, कसे उलटविले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या घटनेची उपपत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. एका मतानुसार वोनएर्फ हे १९७२ च्या सुमारास उठलेल्या पालकांच्या चळवळीचे फलित होय. दुसऱ्या मतानुसार ते नगररचनाकारांच्या विचारमंथनातून निघाले असून चळवळीने त्याला केवळ गती दिली. यांपैकी कोणतेही एक मत पुराव्याशी पूर्णपणे जुळत नाही. कल्पना नगररचनाकारांची, तिला आकार देणारे हात नगरपालिकेच्या अभियंत्यांचे, आणि तिला कायद्याचे बळ मिळाले ते मुख्यतः पालकांच्या आंदोलनामुळे, अशी या घटनेची घडण आहे. परंतु या तिघांचे हेतू एक नव्हते, आणि हीच गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. नगररचनाकारास वस्तीचे सौख्य हवे होते, अभियंत्यास वाहनाचा वेग उतरवावयाचा होता, आणि आईबापांना आपली मुले जिवंत हवी होती. पुढे या कल्पनेचे जे रूपांतर झाले त्याचे बीज या हेतुभेदात आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे नेदरलंड्स हा सायकलींचा देश होता. १९२४ ते १९४१ या काळात तेथे सायकलीवर वेगळा कर होता, यावरूनच तिच्या सार्वत्रिकतेची कल्पना येते. युद्धोत्तर पुनर्रचना व समृद्धी यांच्याबरोबर मोटार आली, आणि ती अतिशय जलद आली. १९६० साली देशात सुमारे पाच लाख खासगी मोटारी होत्या. १९७० पर्यंत त्यांची संख्या वीस लाखांवर गेली. नागरी वस्तीत ताशी ५० किलोमीटरची वेगमर्यादा १९५७ मध्येच आली होती. तथापि ती हमरस्त्याला आणि गल्लीला सारखीच लागू होती. जुन्या शहरांतील एकोणिसाव्या शतकातल्या कामगारवस्त्यांत रस्ते अरुंद, घरांना पुढे अंगण नाही आणि दार उघडले की थेट पदपथ. अशा रस्त्यांच्या दोन्ही कडा उभ्या मोटारींनी भरून गेल्या, आणि मुख्य रस्त्यावरील गर्दी चुकवू पाहणारी वाहने मधल्या चिंचोळ्या वाटेने धावू लागली. मुलांच्या खेळण्याची जागा अशा रीतीने दोन्ही बाजूंनी गेली.

१९७१ साली नेदरलंड्समध्ये रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तत्कालीन लोकसंख्या सव्वा कोटीच्या थोडी पुढे होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे भीषण स्वरूप ध्यानात येते.

या मृत्यूंकडे पाहण्याची रूढ दृष्टी कोणती होती हे समजून घेतल्यावाचून पुढील इतिहास नीट उलगडत नाही. वाहतूक-सुरक्षेचे कार्य करणारी देशव्यापी संस्था तेथे १९३२ पासून अस्तित्वात होती आणि तिचे कार्य प्रामाणिक होते. परंतु तिचा मुख्य भर शिक्षणावर होता. शाळकरी मुलांना नियम शिकवावेत, त्यांच्या वाहतूक-परीक्षा घ्याव्यात, रस्ता कसा ओलांडावा याचे धडे द्यावेत, अशी तिची पद्धत होती. या पद्धतीत एक गृहीतक दडलेले आहे. रस्ता आहे तसाच राहणार आणि मुलाने त्याच्याशी जुळवून घ्यावयाचे, हे ते गृहीतक. सहा वर्षांच्या मुलाला येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज नीट करता येत नाही. चेंडू घरंगळला की त्याला दुसरे काही दिसत नाही. जे शिक्षणाने साधणे मुळातच अशक्य, ते शिक्षणावर सोपविल्यामुळे अपघाताचा दोष अखेर त्या मुलाकडे किंवा त्याच्या आईकडे जात असे.

नगररचनेच्या क्षेत्रात या प्रश्नाचा विचार निराळ्या अंगाने चालू होता. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील रॅडबर्न येथे क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी १९२९ मध्ये जी वसाहत वसविली, तीत पादचाऱ्यांच्या वाटा आणि वाहनांचे रस्ते पूर्णपणे अलग ठेवले होते. पृथक्करणाचे हे तत्त्व पुढे अनेक देशांत प्रमाण मानले गेले. स्वीडनने १९६८ मध्ये प्रसृत केलेली नियोजन-सूत्रे याच तत्त्वावर उभी होती. नव्या भूमीवर नवे नगर वसवावयाचे असेल तर हे तत्त्व उपयोगी पडते. परंतु जेथे घरे आधीच दाटीने उभी आहेत, तेथे दुसरी वाट आणावयाची कोठून?

ब्रिटनमध्ये १९६३ साली प्रसिद्ध झालेला कॉलिन ब्यूकॅनन यांचा ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ हा अहवाल या प्रश्नाला अधिक धैर्याने भिडला. प्रत्येक वस्तीला तिच्या स्वरूपानुसार वाहतूक सोसण्याची एक मर्यादा असते आणि ती मर्यादा ठरविताना केवळ रस्त्याची रुंदी न पाहता तेथील जीवनमान पाहावे, असे त्यात प्रतिपादन होते. आरपार जाणारी वाहतूक वगळलेल्या अशा वस्त्यांचे जाळे शहरात निर्माण करावे, ही त्यातील सूचना. ब्रिटनमध्ये या अहवालाचा उपयोग प्रामुख्याने मोठे रस्ते बांधण्याचे समर्थन म्हणून झाला. त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला खरा वाचक उत्तर समुद्राच्या पलीकडे मिळाला, हे विद्येच्या इतिहासातील एक मौजेचे उदाहरण म्हणावे लागेल.

तो वाचक म्हणजे नीक द बूर. देशाच्या ईशान्य भागातील एमेन या वाढत्या नगराच्या रचनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. पुढे ते डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात नगररचनेचे प्राध्यापक झाले. ब्यूकॅनन यांच्या अहवालाने जी कोंडी दाखविली होती, मुलाचे खेळणे आणि मोटारीची ये-जा या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर कशा बसवाव्यात, तिचे उत्तर त्यांनी पृथक्करणात न शोधता मिश्रणात शोधले. मात्र हे मिश्रण समानतेचे नव्हते. रस्त्याची रचनाच अशी असावी की आपण कोणाच्या तरी बागेतून गाडी नेत आहोत असे चालकास वाटावे, ही त्यांची भूमिका. साठीच्या दशकात त्यांनीच या रचनेला ‘वोनएर्फ’ हे नाव दिले.

या शब्दाकडे थोडे लक्ष देणे आवश्यक आहे. ‘वोनेन’ म्हणजे राहणे. ‘एर्फ’ म्हणजे घराभोवतीचे किंवा शेतवाडीभोवतीचे आवार. वारसा या अर्थाच्या शब्दाशी त्याचे सख्य आहे, म्हणजे मूळ अर्थ वडिलोपार्जित जागा असा होतो. मराठीत ‘अंगण’ या शब्दाने तो बराचसा व्यक्त होतो. पुण्यातील जुन्या वाड्यांचा चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना तर तो समजावून सांगण्याची गरज नाही. चौकातून कोणी घोडा नेला तरी तो चौक घोड्याचा होत नाही. द बूर यांना हेच म्हणावयाचे होते. सार्वजनिक मार्गाला खासगी आवाराचे नाव देऊन त्यांनी मालकीचा प्रश्न शब्दातच उभा केला, आणि हे नाव केवळ सोयीचे नव्हते हे पुढच्या वादांवरून दिसून येते.

एमेनमधील नव्या वसाहतींत या विचाराचा पहिला उपयोग झाला असला, तरी त्याची खरी कसोटी डेल्फ्ट येथे लागली. तेथील नगरपालिकेच्या सेवेतील योस्त व्हाल या अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी साठीच्या अखेरीपासून जुन्या वस्त्यांतील रस्त्यांवर प्रयोग आरंभिले. स्थानकाजवळचा वेस्टरक्वार्टियर हा दाट कामगारवस्तीचा भाग त्यांत प्रमुख होता. या प्रयोगांविषयी एक कथा अनेक पुस्तकांतून आढळते. ती अशी की, त्रस्त रहिवाशांनी एका रात्री रस्त्यातील फरशा स्वतःच उखडून नागमोडी वाट तयार केली आणि पालिकेने पुढे तिला मान्यता दिली. कथा आकर्षक आहे आणि त्या काळच्या बंडखोर वृत्तीशी ती जुळतेही. परंतु तिच्यात पालिकेचे अभियंते केवळ मागाहून शिक्का मारणारे ठरतात, हा अन्याय होय. विटांनी बांधलेला रस्ता पुन्हा पुन्हा उकलून पाहण्याची, एक उंचवटा घालून त्याचा परिणाम पाहण्याची, चुकल्यास तो बदलण्याची चिकाटी पालिकेच्याच खात्यात होती.

या प्रयोगांचे तंत्र बाहेरून साधे दिसते. पदपथाची कड काढून टाकावयाची आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत एकाच पातळीवर विटा बसवावयाच्या. सरळ दृष्टिरेषा तोडावयाची. त्यासाठी झाड, बाक, फुलझाडांचा हौद किंवा उभ्या मोटारींची तिरपी रांग आलटून पालटून दोन्ही कडांना ठेवावयाची. मध्ये मध्ये उंचवटे. प्रवेशापाशी रस्ता अरुंद करून आपण उंबरठा ओलांडत आहोत याची चालकास जाणीव करून द्यावयाची. डच रस्ते पूर्वापार सुट्या विटांचे असल्यामुळे असे फेरफार तेथे तुलनेने सुलभ होते. कोणत्याही देशाने ही पद्धती उचलताना हा भौतिक आधार विसरून चालत नाही. डांबरी रस्त्यावर तोच प्रयोग करणे हे निराळेच काम आहे.

या तंत्रामागील तत्त्व मात्र साधे नव्हते. चालकाला आज्ञा देण्याऐवजी त्याला अनिश्चिततेत ठेवावयाचे, म्हणजे तो आपोआप सावध होतो, असा तो सिद्धान्त. रस्ता रुंद, सरळ व मोकळा केला की तो अधिक सुरक्षित होतो ही अभियांत्रिकीतील तोपर्यंतची श्रद्धा. महामार्गाच्या बाबतीत ती योग्यच आहे. तीच श्रद्धा गल्लीला लावल्यामुळे गल्लीत वेग वाढला, हे डेल्फ्टच्या अभियंत्यांनी ओळखले.

आता चळवळीकडे वळावयाचे. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘द तैद’ या वृत्तपत्राचे पत्रकार फिक लांगेनहॉफ यांची सहा वर्षांची मुलगी शाळेला जाताना मोटारीखाली सापडून मरण पावली. पुढील वर्षी त्यांनी आपल्या पत्रात एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते ‘स्टॉप द किंडरमोर्ट’, म्हणजे ‘बालहत्या थांबवा’. या शीर्षकातील दुसरा शब्द निर्णायक ठरला. तोपर्यंत ‘अपघात’ या शब्दाने ज्या घटनेचे कर्तृत्व दैवाकडे जात होते, तिला ‘हत्या’ म्हटल्याबरोबर कर्ता कोण हा प्रश्न उपस्थित झाला. याच नावाची संघटना स्थापन झाली. मार्त्ये फान पुटेन या तरुण मातेने तिचे पहिले अध्यक्षपद भूषविले. त्या पुढे युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या. रस्ते अडवून तेथे मुलांना खेळू देणे, सायकलींचे मोर्चे, पंतप्रधानांच्या दारी जाऊन गाणी म्हणणे अशा तिच्या पद्धती होत्या. त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅममधील द पैप या दाटवस्तीच्या भागातील मुलांनी आपला रस्ता खेळण्यासाठी बंद करण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे चित्रण दूरचित्रवाणीवर दाखविले गेले. अडथळे बाजूला सारू पाहणारे संतप्त मोटारचालक त्यात दिसतात. हा लढा एकमुखी नव्हता. शेजारी शेजाऱ्याशी भांडत होता, आणि मोटार बाळगणारा मनुष्य बहुधा त्याच गल्लीतला होता.

येथे कालक्रम महत्त्वाचा आहे. डेल्फ्टचे प्रयोग आधी सुरू झाले होते. संघटना नंतर निघाली. तेव्हा वोनएर्फ चळवळीने निर्मिले असे म्हणता येत नाही. परंतु एका नगरपालिकेचा प्रयोग आणि राष्ट्राचा कायदा यांतील अंतर अभियंत्यांना स्वबळावर ओलांडता आले असते असेही दिसत नाही. चळवळीजवळ व्यथा होती, मागणी होती. पण ‘मग रस्ता कसा असावा?’ या प्रश्नाचे सिद्ध उत्तर नव्हते. ते उत्तर डेल्फ्टमध्ये तयार होते. मागणी आणि उत्तर यांची ही गाठ पडली नसती तर दोन्ही बहुधा विरून गेली असती.

त्यातच १९७३ चे तेलसंकट आले. त्या वर्षीच्या ४ नोव्हेंबरपासून काही रविवार खासगी मोटारींना बंदी करण्यात आली. पंतप्रधान योप देन आउल यांच्या शासनाने हा निर्णय इंधन वाचविण्यासाठी घेतला होता. परंतु मोकळ्या महामार्गांवर चालणारी, सायकली फिरविणारी माणसे सर्व देशाने पाहिली. या रविवारांचे महत्त्व काही लेखकांनी अतोनात वाढविले आहे. जानेवारी १९७४ मध्ये ते संपले आणि मोटारींची संख्या वाढतच राहिली. तरीही मोटारीविना शहर कसे दिसते याचा अनुभव एका पिढीला मिळाला, एवढे मान्य करावयास हरकत नाही.

१९७६ च्या नियमांची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. पादचाऱ्यास पूर्ण रुंदीचा हक्क दिला, पण त्याने वाहनास विनाकारण अडवू नये असेही म्हटले. चालकाने खेळणारी मुले, खुणा नसलेले अडथळे व रस्त्याचा असमतलपणा गृहीत धरूनच गाडी हाकावी, अशी जबाबदारी त्याच्यावर टाकली. याचा अर्थ असा की, ‘मूल अचानक समोर आले’ हा बचाव येथे उरला नाही. खूण केलेल्या जागेखेरीज वाहन उभे करण्यास बंदी झाली. घर, माणूस, चेंडू घेतलेले मूल आणि मोटार असे चित्र असलेला निळा फलक ठरला. आणि केवळ फलक लावून भागणार नाही, रस्त्याची रचना किमान अटी पूर्ण करीत असेल तरच तो लावता येईल, असा दंडक घातला. कायद्याने आज्ञेच्या आधी रचनेची अट घालावी, हे या नियमांचे सर्वांत मौलिक अंग होय. पुढे सर्वांत आधी शिथिल झाले तेही हेच.

शैथिल्याची कारणे स्पष्ट होती. पहिले कारण पैसा. संपूर्ण रस्ता उकलून पुन्हा बांधणे महाग पडे. जेथे मलनिःसारणाच्या नळ्या बदलण्यासाठी रस्ता खोदावाच लागणार होता तेथे ते परवडे, इतरत्र नाही. नव्या उपनगरांत प्रारंभापासूनच तशी रचना करता येत असल्यामुळे वोनएर्फ तेथे विपुल झाले. वळणावळणांच्या या वसाहतींना लोकांनी ‘फ्लॉवरच्या वस्त्या’ असे गमतीचे नाव दिले, कारण नकाशावर त्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या दिसत. ज्या दाट जुन्या कामगारवस्त्यांच्या दुःखातून हा विचार पेटला होता, त्यांच्या वाट्याला मात्र तो तुलनेने कमी आला. दुसरे कारण वाहने उभी करण्याच्या जागेचे. रहिवाशांना मुलांसाठी रस्ता हवा होता आणि स्वतःच्या मोटारीसाठी दारापुढची जागाही हवी होती. मोटारींची संख्या वाढली तशी दुसरी इच्छा पहिलीवर मात करू लागली.

शासनाने आइंडहोवेन व राइसवाइक या दोन शहरांत सत्तरीच्या उत्तरार्धात एक तुलनात्मक प्रयोग हाती घेतला. काही भागांत केवळ आरपार वाहतूक रोखण्याचे किरकोळ उपाय, काहींत उंचवटे व अरुंदीकरण यांसारखे मध्यम उपाय, आणि काहींत पूर्ण वोनएर्फ अशी त्याची आखणी होती. अपघात कमी करण्याच्या बाबतीत मध्यम उपाय पूर्ण वोनएर्फच्या जवळपास पोहोचतात आणि खर्च मात्र पुष्कळ कमी येतो, असा निष्कर्ष निघाला. शासनाच्या दृष्टीने प्रश्न येथेच मिटला. १९८३ साली ताशी ३० किलोमीटर मर्यादेचे क्षेत्र कायद्यात आले. त्याच वर्षी जर्मनीतील बुक्सटेहूड या गावी अशाच क्षेत्राचा आरंभ झाला, आणि पुढे युरोपभर जे पसरले ते मुख्यतः हेच स्वस्त रूप.

तीस किलोमीटरच्या आकड्यामागे ठोस गणित आहे. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ५० च्या वेगातील मोटारीत ३० च्या वेगातील मोटारीपेक्षा जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा असते. थांबण्याच्या अंतराचा हिशेब अधिक बोलका आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर ३० च्या वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरांत पूर्ण थांबते. ५० च्या वेगाची मोटार त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. पहिली मोटार जेथे थांबली असती, तेथे दुसरीचा ब्रेक लागावयास आरंभही झालेला नसतो.

यावरून शासनाचा निर्णय तर्कशुद्ध होता असेच म्हणावे लागते. एका गल्लीचे नंदनवन करण्यापेक्षा त्याच पैशात दहा गल्ल्यांत मृत्यू टळत असतील तर दुसरा मार्ग श्रेयस्कर, या युक्तिवादाला उत्तर देणे कठीण आहे. १९९७ पासून ‘चिरस्थायी सुरक्षा’ या धोरणाखाली ३० किलोमीटरची क्षेत्रे नागरी वस्तीत मोठ्या प्रमाणावर पसरली ती याच तर्काने. परंतु या तुलनेत मोजले काय गेले, हेही विचारले पाहिजे. मोजले गेले ते अपघात. गल्लीत किती मुले खेळतात, वृद्ध माणसे दारापुढे किती वेळ बसतात, शेजारी एकमेकांशी किती बोलतात, या गोष्टींचे त्या तराजूत फारसे वजन नव्हते. ३० किलोमीटरच्या क्षेत्रात मूल वाचते. रस्ता मात्र वाहनाचाच राहतो, पदपथ पुन्हा येतो आणि खेळण्याचा हक्क मिळत नाही. अभियंत्याचा हेतू सफल झाला, पालकांचा बराचसा झाला. द बूर यांचा झाला नाही.

नेदरलंड्समधील अपघाती मृत्यूंची संख्या १९७२ नंतर सातत्याने घटली. २०१० पर्यंत मृत मुलांची वार्षिक संख्या १४ पर्यंत खाली आली. ही घट वोनएर्फच्या खात्यावर जमा करण्याचा मोह अनेकांना झालेला आहे. तो आवरला पाहिजे. मद्यपी चालकांविरुद्धचा कायदा व महामार्गांवरील वेगमर्यादा १९७४ मध्ये, तर लहान मोटारसायकलींवरील शिरस्त्राणाची व मोटारीतील सुरक्षापट्ट्याची सक्ती १९७५ मध्ये आली. यांचा परिणाम सर्व देशभर आणि तत्काळ झाला. त्या वेळी वोनएर्फ अद्याप थोडेच होते. शिवाय मुले रस्त्यावर येण्याचेच कमी झाले असल्यास त्यानेही आकडा उतरतो, आणि त्या उताराला यश म्हणावे काय याचा निर्णय आकडेवारीला करता येत नाही.

सायकलस्वाराचा प्रश्न यापासून थोडा वेगळा आहे. वोनएर्फची नागमोडी, उंचवट्यांची वाट मुलाला हितकर असली तरी लांबच्या पल्ल्याच्या सायकलस्वारास ती त्रासाची. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघाने सलग मार्गांची मागणी लावून धरली. टिलबर्ग व हेग या शहरांत सत्तरीच्या दशकात शासकीय मदतीने एकेक नमुना-मार्ग बांधला गेला; हेगमध्ये दुकानदारांनी त्याला तीव्र विरोध केला. एकच उत्तम मार्ग बांधून शहर बदलत नाही, जाळे लागते, हा धडा त्यातून मिळाला आणि डेल्फ्टनेच १९७९ च्या आराखड्यात तो अमलात आणावयास घेतला. निवासी गल्ली हीच सायकलींची मुख्य वाट करून मोटारीस तेथे पाहुणी म्हणून येऊ द्यावे, हा विचार पुढे ‘फीट्सस्ट्राट’, म्हणजे सायकल-रस्ता, या रूपाने आला. उत्रेख्त येथील १९९६ चा त्याचा एक आरंभीचा प्रयोग फसला व काही काळातच गुंडाळला गेला; त्यानंतर अनेक शहरांत तो रुजला. ‘पाहुणी मोटार’ ही कल्पना द बूर यांच्या बागेचीच पुतणी म्हणावी लागेल.

दृष्टिहीनांची तक्रार मात्र कधीच पूर्णपणे मिटली नाही. पदपथाची कड ही त्यांच्या पांढऱ्या काठीची मार्गदर्शक रेषा असते. ती नाहीशी झाली की समतल विटांच्या आवारात दिशा हरवते. फ्रीसलँडमधील हान्स मोंडरमन या अभियंत्याने ऐंशीच्या दशकापासून फलक, पट्टे आणि कडा काढून टाकण्याचे तत्त्व मोठ्या रस्त्यांनाही लावले, तेव्हा ही तक्रार अधिक तीव्र झाली. परस्परांच्या डोळ्यांत पाहून मार्ग काढण्याची त्यांची योजना ज्याला डोळेच नाहीत त्याचे काय करणार, या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

न्यायालयांनी १९९० च्या आसपास जे निर्णय दिले ते वोनएर्फच्या विचाराला समांतर आहेत. मोटारीची पादचाऱ्याशी किंवा सायकलस्वाराशी टक्कर झाल्यास नुकसानीची जबाबदारी तत्त्वतः मोटारमालकाची, हे सूत्र डच कायद्यात आधीपासूनच होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक कडक केले. इजा झालेली व्यक्ती चौदा वर्षांखालील असेल तर तिच्या चुकीचा विचार जवळजवळ करावयाचाच नाही, असे ठरले. मुलाने सावध असावे ही १९३२ ची अपेक्षा येथे कायद्याने मागे घेतली, आणि तीही केवळ वोनएर्फपुरती नव्हे, सर्व रस्त्यांवर.

वोनएर्फच्या स्वतःच्या कायद्याचा प्रवास याच सुमारास उलट दिशेने झाला. १९८८ मध्ये रचनेच्या किमान अटी सैल करण्यात आल्या आणि ‘वोनएर्फ’ऐवजी नुसते ‘एर्फ’ ही व्यापक संज्ञा स्वीकारली गेली, जेणेकरून बाजारपेठांचे रस्तेही तीत बसावेत. १९९० च्या नव्या वाहतूक-नियमावलीत हा विषय तीन लहान कलमांत आटोपला. पादचाऱ्याचा पूर्ण रुंदीचा हक्क राहिला. चालकाच्या वेगाचे आणि वाहने उभी करण्याचे बंधनही राहिले. वेगासाठी माणसाच्या चालीचे माप होते, त्याच्या जागी कालांतराने ताशी १५ किलोमीटर असा आकडा आला. १९७६ च्या कलमात रस्त्यावर खेळण्याची जी स्पष्ट अनुज्ञा होती तिचा स्वतंत्र उल्लेख मात्र नव्या मजकुरात आढळत नाही. फलकावरील चित्रात चेंडू अजून आहे. १९९९ पर्यंत देशात असे सहा हजारांहून अधिक भाग झाले होते. आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अ‍ॅम्स्टरडॅमने आपल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लागू केली, तेव्हा त्या निर्णयाचा आधार वोनएर्फचा नव्हे, १९८३ च्या क्षेत्राचा होता.